खुलं पत्र: आमची बँक बुडाल्याचं आम्हाला शटरवरून कळलं, तुम्हाला कधी कळलं होतं?

प्रति,
बँकांवर देखरेख ठेवणारे सगळे साहेब,
केंद्राचं अर्थखातं आणि आपल्या राज्याचं सहकार खातं

स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यातल्या एका बंदरगावात राहतो. गेली १७ वर्षं एका नागरी सहकारी बँकेची पिग्मी (लोकांची रोजची छोटी बचत) गोळा करतोय, म्हणजे करत होतो. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर चौकशी चालू आहे, आणि नाव लिहिलं की लोक म्हणतात हां ती बँक होय, ती तशीच होती, आणि आपापल्या पासबुकाकडे न बघता पुढे स्क्रोल करतात.

तुमच्यापैकी कोणी कधी पिग्मी भरली नसेल म्हणून थोडं सांगतो. सकाळी साडेसहाला जेटीवर मासळीचा लिलाव संपतो, तेव्हा मी छोटं मशीन गळ्यात अडकवून तिथे उभा असतो. कोणी ५० देतं, कोणी १००, लिलाव चांगला गेला तर २००. नोट ओली असते, खवलं चिकटलेलं असतं, ती मी शर्टाला पुसून पिशवीत टाकतो, बटण दाबतो, चिठ्ठी निघते. तिथून बाजारपेठ, चहाची टपरी, सलून, भाजीवाली, टेम्पोवाले, आणि अकराच्या आत बँकेत भरणा. शेकडा तीन रुपये कमिशन. माझ्याकडे १४२ खाती होती. त्यातली निम्मी माणसं बँकेची पायरी कधी चढलेली नाहीत, त्यांच्यासाठी बँक म्हणजे मीच.

आता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, इंग्रजी, दोन पानं. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ३५अ, कामकाज संपल्यापासून निर्बंध लागू, नव्या ठेवी घ्यायच्या नाहीत, नवं कर्ज द्यायचं नाही, आणि बँकेची रोखीची परिस्थिती बघता कुठल्याही खात्यातून रक्कम काढू देता येणार नाही. खाली एक ओळ की याचा अर्थ लायसन रद्द झालं असा घेऊ नये. मी ती ओळ चार वेळा वाचली. मुलगी बारावीला आहे, तिला म्हणलं मला याचा नीट अर्थ सांग, ती म्हणाली बाबा अर्थ तोच आहे जो तुम्हाला लागलाय.

त्याच दिवशी सकाळी मी ६,३५० रुपये गोळा करून भरले होते.

दुसऱ्या दिवशी जायचं की नाही याचा रात्रभर विचार केला. बायको म्हणाली दोन दिवस आतेकडे जाऊन राहा. पण १७ वर्षं ज्या जेटीवर उभा राहिलो तिथे नाही गेलो तर मग कायमचंच नाही जाता येणार, म्हणून गेलो, मशीन न घेता. एक मावशी आहेत, मासे विकतात, माझ्या सगळ्यात जुन्या खातेदार, त्यांनी टोपली खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "रोज येवन पैशे न्हेय होतंस, आता तुका नाय इचारायचा तर कोणाक इचारू?" मी रिझर्व्ह बँक, निर्बंध, विमा असं काहीतरी सांगायला लागलो तर म्हणाल्या, "त्या बँकेक मी वळखत नाय, मी तुका वळखतंय."

साहेब, हे पत्र त्या वाक्यामुळे लिहितोय. तुमचं पत्रक तुम्ही वेबसाइटवर टाकता आणि तुमचं काम होतं. ते माणसाच्या तोंडावर सांगायचं काम माझ्यासारख्यांवर येतं, आणि आम्हाला ते कळतं सगळ्यात शेवटी.

मग त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात वर्षभराच्या चिठ्ठ्या, रबर लावून महिन्याप्रमाणे नीट ठेवलेल्या. जवळजवळ सगळ्या कोऱ्या. मशीनचा कागद थर्मल असतो, आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामाच्या हातात त्यावरचं अक्षर तीन-चार महिन्यांत उडतं. पासबुक शेवटचं भरलेलं फेब्रुवारीत. म्हणजे माउलीने ३१,००० रुपयांचा पुरावा म्हणून कोऱ्या कागदाच्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या आणि त्या मीच तिला दिल्या होत्या. नोंदी कॉम्प्युटरला आहेत, पैसे बुडणार नाहीत, हे मला माहीत आहे हो. पण त्या पट्ट्या हातात धरून हे वाक्य बोलून बघा.

आता तक्रारी. मुद्द्याने लिहितो, कारण रागाने लिहिलं की लोक रागच वाचतात.

पहिली तक्रार वेळेची. निर्बंध मेअखेर आले. आमच्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला ओढून शाकारलेल्या, खलाशी गावी गेलेले, आणि त्या दोन महिन्यांसाठीच तर वर्षभर पिग्मी भरायची असते! मे संपता संपता खातं मोडायचं, त्यात शाळेच्या वह्या, घराची कौलं, तांदूळ, आणि जाळी दुरुस्त करायचं सामान. आंबेवाल्यांचंही तेच, वाशीच्या मार्केटचा हिशोब मेच्या शेवटाला येतो, मजुरी आणि पेट्यांचे पैसे भागवून उरलेलं बँकेत टाकायचं, मग पुढच्या मोहोराच्या फवारणीपर्यंत त्यावर दिवस काढायचे. अगदी त्याच आठवड्यात कुलूप. मला माहीत आहे की पैसे संपत आलेली बँक कॅलेंडर बघून बंद करता येत नाही. पण ती बँक त्या शुक्रवारी दुपारी आजारी पडली नव्हती ना.

म्हणून दुसरी तक्रार, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. तुम्हाला आधी कळलेलं असतं. तपासणी होते, अहवाल जातो, बँकेला ताकीद मिळते, कर्ज देण्यावर मर्यादा येतात, त्यासाठी तुमच्याकडे चौकट आहे, नियम आहेत, टक्केवारी आहे. त्यातला एकही कागद शाखेच्या दारावर लागत नाही. उलट आमच्या बँकेने जानेवारी ते मार्च ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा व्याजाची स्कीम काढली, बॅनर लावला, आम्हाला टार्गेट दिलं, मार्च एंड आहे जोर लावा. मी जोर लावला. गुरुजींना मी घेऊन गेलो, माझ्या बाइकवर बसवून. निवृत्त प्राथमिक शिक्षक, कणकवलीकडची वडिलोपार्जित जागा हायवेच्या चौपदरीकरणात गेली त्याचे ११ लाख आले होते, ते पोस्टात ठेवणार होते. मी म्हणलं गुरुजी आपली बँक आहे, मॅनेजर ओळखीचा, गरज लागली तर एका फोनवर मोडून देतील. आज गुरुजी मला काहीही बोलत नाहीत. भेटले की चहा विचारतात. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बँकेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक छापलं होतं, ऑडिट वर्ग अ. सभेला लाडू-चिवडा होता. आता पेपरात येतंय की घाटावरच्या एका बिल्डरला आणि त्याच्याच वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांना दिलेलं कर्ज कधीपासून थकलं होतं. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला २००३ पासून बंदी आहे, हे मला माहीत आहे. बिल्डर नातेवाईक नसतो, तो मित्र असतो, त्याला कुठलं कलम लागतं?

आणि हे काय पहिल्यांदा घडतंय का? पेण अर्बन २०१० मध्ये बंद पडली, आमच्याच कोकणात, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या गावात, बोगस कर्जखाती निघाली, आणि तिथले ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. पनवेलच्या कर्नाळा बँकेचं लायसन ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झालं. पीएमसीचं (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं) तर सगळ्या देशाने बघितलं, सप्टेंबर २०१९, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची परवानगी, एका बिल्डर ग्रुपला दिलेलं कर्ज लपवायला २१,००० च्या वर बनावट खाती. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले आणि तिजोरीतले १२२ कोटी रोख गायब असल्याचा गुन्हा दाखल झाला. रोख! आमच्या शाखेत मी ५० रुपये कमी भरले तर कॅशियर मला थांबवून ठेवायचा. दरवेळी चौकशी होते, दरवेळी सांगतात आता नियम कडक केले. २०२० मध्ये कायदा बदलून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार दिले, तोपर्यंत अर्धं रिझर्व्ह बँकेकडे आणि अर्धं सहकार खात्याकडे असं होतं आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. अधिकार आले ते चांगलंच झालं. एप्रिल २०२५ पासून नागरी बँकांना त्वरित सुधारणेची, म्हणजे कमजोर बँकेला वेळीच आवर घालायची, नवी चौकट लागू झाली तेही चांगलं, पण त्यात १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या सगळ्यात छोट्या बँका धरलेल्याच नाहीत, आणि खेडेगावातला माणूस जातो तो नेमका तिथेच.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये माहिती अधिकाराच्या प्रकरणात निकाल दिला होता की रिझर्व्ह बँकेची बांधिलकी जनतेशी आहे, एखाद्या बँकेचा फायदा सांभाळणं हे तिचं काम नाही, तपासणीची माहिती द्या. त्यानंतर बँका पुन्हा कोर्टात गेल्या. तुमचं म्हणणं मला कळतं, आधी सांगितलं तर लोक रांग लावतील आणि जी बँक वाचली असती ती पण बुडेल. अफवेने चांगली बँक मरू शकते हे खरंच आहे. पण मग जादा व्याजाचा बॅनर तरी काढायला लावायचा होता! ताकीद दिलेल्या बँकेला नव्या ठेवी ओढायला स्कीम काढू द्यायची, हे कुठल्या हिशोबात बसतं? जुनी माणसं आत अडकली ती अडकली, नवीन कशाला आत ढकलायची. ती ढकलायला माझे हात वापरले गेले, म्हणून हे इतकं लागलंय.

तिसरी, विम्याची. हे मी आता पाठ केलंय, जेटीवर रोज सांगावं लागतं म्हणून. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर हा ठेवविमा आला, १९६२ पासून. तेव्हा १,५०० रुपयांपर्यंत. वाढत वाढत १९९३ ला एक लाख झाला आणि मग २७ वर्षं तिथेच बसून राहिला. पीएमसीच्या लोकांनी रस्त्यावर आरडाओरडा केला तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. तिथून परत हललेला नाही. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एका माणसाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरतात. हे गुरुजींना ठेव ठेवताना कोणी सांगितलं? मी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. मला ट्रेनिंग मशीनचं दिलं होतं.

आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे संस्थांच्या ठेवी. आमच्या मच्छीमार सोसायटीचे २२ लाख तिथे आहेत, डिझेलचे, १८० सभासदांचे मिळून. विम्याच्या लेखी ती एक ठेवीदार. म्हणजे पाच लाख. देवस्थानच्या जीर्णोद्धाराचे ९ लाख, तोही एकच ठेवीदार, देव. (गुरव म्हणाला देवाचं केवायसी कोण करणार, त्या दिवसात तेवढं एकदाच हसलो.) पीएमसी पुढे युनिटी बँकेत गेली तेव्हा संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ८० टक्क्यांचे एक टक्का डिव्हिडंडवाले प्रेफरन्स शेअर झाले. ठेव ठेवली होती साहेब, शेअर नव्हते मागितले. साध्या ठेवीदारांना पाच लाखांच्या वरची रक्कम दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने. गुरुजी ७४ वर्षांचे आहेत.

चौथी, ९० दिवसांची. २०२१ ला कायदा दुरुस्त झाला की निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे. याआधी बँक कायमची बंद होईपर्यंत वर्षानुवर्षं काही मिळायचं नाही, तेव्हा ही खरंच मोठी सुधारणा आहे आणि ज्यांनी केली त्यांचे आभार. पण हे ९० दिवस कसे जातात ते बघा. ४५ दिवस बँकेने यादी द्यायला, ३० दिवस तपासायला, १५ दिवस पैसे द्यायला. विलीनीकरणाची शक्यता दिसली तर अजून ९० दिवस वाढवता येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पेरणी, लावणी, बंदी, नारळी पौर्णिमा सगळं निघून गेलं आणि पैसे गणपतीच्या तोंडावर, नाहीतर थेट दिवाळीनंतर. १ ऑगस्टला बोटी समुद्रात जायला हव्यात तर बर्फ, डिझेल, खलाशांची उचल पाहिजे. ती ज्यांनी व्याजाने घेतली त्यांना महिन्याला शेकडा पाच लागलेत. ते तुमच्या कुठल्याच आकड्यात येत नाही.

त्यात फॉर्म. संमतीपत्र द्या, आधार द्या, दुसऱ्या बँकेतला खाते नंबर द्या. मावशींच्या पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरं, कारण माहेरच्या नावाने खातं मी उघडलं होतं तेव्हा आधार नव्हतंच. दुसरं खातं जनधनचं, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय, ते चालू करायला १४ किलोमीटरवरच्या राष्ट्रीयीकृत बँकेत जा, तिथे सांगतात सर्व्हर डाऊन, सोमवारी या. पावसात, दोन एसट्या बदलून. मी स्वतः त्यांना तीनदा घेऊन गेलो. तिसऱ्यांदा काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिने जेवणाच्या सुट्टीत अंगठा घेतला, पण अंगठाच उमटेना. मासे कापून कापून बोटांच्या रेषा गेल्यात. शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं.

आता बेलआउटचं. हा विषय निघाला की टीव्हीवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सरकारने पैसे टाकून बँका वाचवल्याच पाहिजेत, दुसरी म्हणते करदात्याच्या पैशाने चोरांची पापं का धुवायची. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीचा राग येतो. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, ५० हजारांची मर्यादा, ५ तारखेला. १८ तारखेला उठले पण! तेरा दिवस. स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, बाकी खासगी बँकांनी मिळून उरलेले, १०,००० कोटी जमले. आणि ते पैसे वाया गेले का? २०२५ मध्ये स्टेट बँकेने त्यातला काही हिस्सा जपानच्या सुमितोमोला ८,८८९ कोटींना विकला. ठेवीदाराचा एक रुपया गेला नाही. बाँडवाल्यांचे ८,४१५ कोटी मात्र शून्य केले, ते प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी बँकांसाठी २०१७ मध्ये २ लाख ११ हजार कोटींची भांडवल योजना जाहीर झाली होती, तेव्हा कोणी विचारलं नाही की मोफत जेवण कशाला. अमेरिकेचा विमा अडीच लाख डॉलरचा, पण २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक शुक्रवारी बुडाली आणि रविवारी सरकारने सांगितलं की सगळ्यांच्या सगळ्या ठेवी मिळतील.

मोठी बँक बुडाली तर सगळी व्यवस्था हलते, छोटी बुडाली तर एक बाजारपेठ हलते, म्हणून मोठीला वाचवतात, हे गणित मला समजतं. फक्त जी बाजारपेठ हलते तिच्यात मी राहतो. दोन रांगा ठेवायच्या असतील तर ठेवा, पण मग छोट्या रांगेत उभं राहताना तसं पाटीवर लिहून ठेवा ना. आमच्या बँकेच्या बोर्डावर पण "बँक"च लिहिलेलं होतं, तितक्याच मोठ्या अक्षरात.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. विम्याचा हप्ता बँका भरतात, १०० रुपयांच्या ठेवीला वर्षाला १२ पैसे असा चांगली बँक असो वाईट असो दर एकच होता. हप्ता जास्त भरतात मोठ्या बँका आणि दावे निघतात ते बहुतेक सहकारी बँकांचे. ते म्हणतात आम्ही यांच्या चुकांचे पैसे का भरायचे, त्यांचं चूक नाही. आता जोखमीप्रमाणे हप्ता आकारायचं ठरलंय, ते योग्यच आहे. आणि आम्ही सहकारवाले पण काही धुतल्या तांदळाचे नाही. सभेला कोरम भरायला मीच माणसं नेत होतो. ताळेबंदाला हात वर, संचालक बिनविरोध, लाडू खाल्ला की घरी. १७ वर्षांत मी एक प्रश्न विचारला नाही. २००४ साली देशात १,९०० च्या वर नागरी सहकारी बँका होत्या, आज १,५०० च्या आत आहेत, त्यातल्या बऱ्याच अशाच लाडू खाताखाता गेल्या असणार.

म्हणून सरकारने आमच्या बँकेच्या खड्ड्यात आंधळेपणाने पैसे ओतावेत असं मी मागत नाहीये. मी मागतोय ते असं:

बँकेला ताकीद गेली की त्या दिवसापासून ठेवींच्या जादा व्याजाच्या स्कीम, बॅनर आणि एजंटांची टार्गेटं बंद करायला लावा. यासाठी कोणाला घाबरवायची गरज नाही, फक्त फोन करायचा आहे.

प्रत्येक शाखेच्या दारावर मराठीत, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहायला लावा की विमा पाच लाखांपर्यंतच, मुद्दल-व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून, आणि संस्थेची ठेव एकच धरली जाईल. पतसंस्थांच्या दारावर तर त्याहून मोठ्या अक्षरात, की इथल्या ठेवींना हा विमा अजिबात नाही. आमच्या गावात अजूनही दहातल्या आठ जणांना वाटतं की पतसंस्था आणि बँक एकच. सहकार खात्याला हे उद्या सकाळी करता येईल, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. पिग्मी एजंटांना पण हेच शिकवा, आम्ही लोकांना खोटं सांगू नये एवढं तरी.

मच्छीमार सोसायटी, देवस्थान, बचत गट अशा ठेवींचा विमा सभासदांच्या संख्येवर धरा. तेवढं जमत नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी वाढीव मर्यादा ठेवा. आणि पाच लाखांचा आकडा परत २७ वर्षं झोपवू नका, महागाईला बांधा.

९० दिवसांपैकी पहिल्या सात दिवसांत प्रत्येक खात्याला विम्यातूनच २५,००० पर्यंत द्या, उरलेलं मग नियमाप्रमाणे. माझ्या १४२ पैकी ९० च्या वर खाती तिथेच मिटतील, फॉर्म पण कमी होतील. आणि फॉर्म भरायला माणूस शाखेत बसवा, ज्याला नावातला फरक एका प्रतिज्ञापत्रावर मान्य करायचा अधिकार आहे.

शेवटचं सहकार खात्याला. राज्याच्या सहकार कायद्यातली कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती यांना तारीख लावा आणि पाळा. तोपर्यंत संचालकांना आणि त्या कर्जदाराला मालमत्ता विकता येऊ नये. पेणच्या लोकांची एक पिढी मोर्चात म्हातारी झाली, आम्हाला ते नकोय.

माझे स्वतःचे ३ लाख ४० हजार त्या बँकेत आहेत, विम्यात बसतात, मिळतील. माझं काम गेलं, सध्या एका काजू फॅक्टरीत बसतो, तेही चालेल. मशीन अजून माझ्याकडेच आहे, परत घ्यायला कोणी आलेलं नाही, सवयीने रात्री चार्जिंगला लावतो आणि मग आठवतं.

१४२ पैकी १०८ फॉर्म झालेत. ३४ राहिलेत, त्यातले ११ जण मुंबईला आहेत, चतुर्थीला येतील तेव्हा पकडणार. या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर कृपा करून मराठीत द्या, आणि वेबसाइटवर नको, शाखेच्या बंद शटरवर चिकटवा. मी सकाळी जेटीवर जाताना तिथूनच जातो, फोटो काढून ग्रुपवर टाकेन, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवेन.

आपला,
एक पिग्मी एजंट
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग